पशुखाद्याच्या पोत्यावरचं व्हिटॅमिन आणि आयएसआय परवाना

‘व्हिटॅमिनयुक्त’ असं ठळक छापलेली गोळी पेंड कुठेही मिळते. किती व्हिटॅमिन, असं विचारलं की दुकानदार पोतं उलटंपालटं करून बघतो. आयएसआय चिन्ह लावायचं तर मात्र आकड्यांशी गाठ आहे.

दुधाळ जनावरांच्या तयार खाद्याचं मानक आयएस 2052. त्याच्या 2009 च्या आवृत्तीत किलोमागे किमान व्हिटॅमिन ए 7000, डी3 1200 आणि ई 30 आययू (आंतरराष्ट्रीय एकक, व्हिटॅमिन मोजायचं माप) मागितलं आहे. अर्जाआधी चालू आवृत्ती भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस, आयएसआय चिन्हाचा परवाना देणारी संस्था) पोर्टलवरून उतरवून घ्या, ती फुकट मिळते.

आता हिशेब. एका टनाला ए लागतं 70 लाख आययू. बाजारातली पावडर ग्रॅमला 5 लाख आययूची असेल तर अवघे 14 ग्रॅम! टनभर मालात चिमूटभर पावडर थेट टाकली तर एका पोत्यात सगळी, दुसऱ्यात काहीच नाही. म्हणून आधी थोड्या भुश्यात किंवा कोंड्यात कालवून प्रीमिक्स करतात. गोळी पाडताना लागणारी उष्णता आणि पुढे साठवणुकीतला ओलावा व्हिटॅमिन ए खातात, तेव्हा थोडी जादा मात्रा धरावी.

परवाना उत्पादकालाच मिळतो, तोही त्या कारखान्यापुरता. दुसऱ्याकडून माल भरून आपलं नाव छापणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. दोन ठिकाणी कारखाने असतील तर दोन अर्ज.

अर्ज ‘मानक ऑनलाइन’ पोर्टलवर. सोबत कारखाना नोंदणीचा व जागेचा पुरावा, यंत्रांची आणि तपासणी उपकरणांची यादी, उत्पादनाचा टप्पेवार तक्ता, कारखान्याचा नकाशा. ब्युरोची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल आधीच जोडला तर सोप्या पद्धतीने काम लवकर होतं. नाहीतर अधिकारी येऊन नमुना सील करून नेतात आणि निकालापर्यंत थांबावं लागतं. प्रीमिक्सची खरेदी बिलं आणि दर बॅचच्या वजनाची वही तयार ठेवा; माझ्या मते कागदांत सगळ्यांत दुर्लक्षित वही हीच.

पोत्यावर चिन्हाच्या वर आयएस क्रमांक, खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक येतो. गिऱ्हाईक तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासू शकतं. पहिला परवाना एक ते दोन वर्षांचा, नूतनीकरण पाच वर्षांपर्यंत.