ओवाळणी आणि वाटा
भाऊबीजेला ताटात घसघशीत ओवाळणी टाकणारा भाऊ सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागायची वेळ आली की हक्कसोडपत्र पुढे करतो, हे आपल्याकडे नवीन नाही. आफ्रिकेतल्या उद्योजिकांच्या 'महिला सक्षमीकरणा'च्या बातम्या वाचताना ओवाळणी आणि मालकीचा वाटा यांतला नेमका हाच फरक निसटतो.

नायजेरियाच्या फोलोरुन्शो अलाकिजा यांचं काम ओवाळणीच्या बाजूचं. आधी सेक्रेटरीची नोकरी, 1986 च्या सुमारास स्वतःचं फॅशन हाऊस, 1993 मध्ये खोल समुद्रातल्या तेलाचा परवाना. तिथल्या आगबामी तेलक्षेत्रातून 2008 मध्ये तेल निघू लागलं. त्यांचं रोझ ऑफ शेरॉन फाउंडेशन विधवांना धंद्यासाठी रक्कम आणि अनाथ मुलांना शिष्यवृत्ती देतं. याला कमी लेखायचं कारण नाही. नवरा गेल्यावर उघड्यावर पडलेल्या बाईला शेअर सर्टिफिकेट देऊन काय उपयोग? तिला उद्या टपरी उघडायला रोख पैसा हवा. मात्र तेल कंपनीत तिचा काही हिस्सा नाही, आणि यंदा मिळालं तसं पुढच्या वर्षी मिळेलच असंही नाही. देणाऱ्याच्या मर्जीवर सगळं.

दक्षिण आफ्रिकेच्या वेंडी लुहाबे यांची वाट निराळी. जन्म 1957 चा, जोहान्सबर्गजवळच्या बेनोनीचा. बीएमडब्ल्यूमध्ये मार्केटिंगची नोकरी केली आणि वर्णभेदी राजवट संपत आली त्या वर्षांत स्वतःचं काम सुरू केलं. 1994 मध्ये, म्हणजे सर्व वंशांच्या लोकांनी मत दिलेल्या पहिल्या निवडणुकीच्याच वर्षी, लुईसा मोजेला, ग्लोरिया सेरोबे आणि आणखी एका सहकारी स्त्रीबरोबर त्यांनी 'विपहोल्ड' ही गुंतवणूक कंपनी काढली. सुरुवातीचं भांडवल 5 लाख रँड. 1997 मध्ये कंपनीने बायकांसाठी शेअर विक्रीला काढले आणि सुमारे 18 हजार जणींनी ते घेतले.

इथे गल्लत होते ती स्टॉकवेलशी. स्टॉकवेल म्हणजे थेट आपली भिशी: दर महिन्याला सगळ्यांनी टाकायचे, पाळीने एकीने उचलायचे. त्या देशात घरोघरी बायकांना ती ठाऊक. पण भिशीत आपलेच पैसे आपल्याला परत मिळतात, फार तर एकरकमी. शेअर घेतला की बाई मालक होते. कंपनी वाढली तर तिचा पैसा वाढतो, बुडाली तर बुडतो.

आणि हे कोणत्या देशात? 1927 च्या एका कायद्यानुसार, पारंपरिक रिवाजाने लग्न होऊन नवऱ्यासोबत राहणारी कृष्णवर्णीय बाई कायद्याने अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, आणि नवरा तिचा पालक. ही तरतूद पुसणारा कायदा 1998 मध्ये झाला, लागू व्हायला नोव्हेंबर 2000 उजाडलं. म्हणजे शेअर विकले जात होते तेव्हा ते कलम अजून पुस्तकात होतं. मला या सगळ्या हकिगतीतली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते.

तरुणांच्या बाबतीतही लुहाबेंनी असंच केलं. 1992 मध्ये सुरू केलेल्या 'ब्रिजिंग द गॅप'मध्ये कृष्णवर्णीय पदवीधरांना मोठ्या कंपन्यांत शिरायला आणि तिथे टिकायला तयार केलं जाई. पदवी हातात असूनही त्या कचेऱ्यांमधली वागण्या-बोलण्याची रीत त्यांना कोणी दाखवलेली नव्हती. शिष्यवृत्ती इथवर पोचत नाही.

वाट्याला जोखीमही चिकटलेली असते. 'विपहोल्ड' 1999 मध्ये जोहान्सबर्ग शेअर बाजारात आली आणि 2003 मध्ये बाहेरही पडली. बाजारात नाव नसलेल्या कंपनीचा शेअर हवा तेव्हा मोडता येत नाही. अडीनडीला सोनं गहाण ठेवता येतं, तसं त्याचं नाही.

शिवाय कंपनीचे काही शेअर ट्रस्टकडे असतात आणि त्यांचा फायदा महिला संस्थांमार्फत कितीतरी बायकांपर्यंत जातो. नाव ट्रस्टचं, लाभ त्यांचा. भागधारकांच्या सभेत हात वर करतात ते विश्वस्त. ही ओवाळणी की वाटा, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.