संपादक-पुढारी (मुंबई)

वृत्तपत्र चालवता चालवता सत्ताविरोधी राजकारणात उतरलेला आणि पुढे सभा, निवडणूक वा तुरुंग यांतही लेखणी खाली न ठेवणारा नेता. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात ही परंपरा विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात ठळकपणे दिसते.

तिचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. एक मत लोकमान्य टिळकांपासून ती मोजते. ‘केसरी’ पुण्याचा, पण टिळकांवरील 1897 व 1908 चे राजद्रोहाचे खटले मुंबई उच्च न्यायालयात चालले. 22 जुलै 1908 रोजी रात्री उशिरा नऊपैकी सात ज्यूरींनी त्यांना दोषी ठरवले, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. दुसरे मत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांना अग्रमान देते. होमरूल (स्वराज्य) चळवळीत उतरलेल्या या ब्रिटिश संपादकाला एप्रिल 1919 मध्ये सरकारने हद्दपार केले. पत्रही काही काळ बंद पडले. मुंबईपुरते बोलायचे तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण हॉर्निमन यांचे पत्र, व्यासपीठ आणि कारवाई ही तिन्ही याच शहरातली होती.

सरकारचा खरा दाब छापखान्यावर असे. 1910 च्या वृत्तपत्र कायद्यानुसार नव्या छापखान्याच्या चालकाला सामान्यतः 500 ते 2,000 रुपये जामीन (अनामत रक्कम) ठेवावा लागे. जुन्या छापखान्याकडून 5,000 पर्यंत मागता येई. आक्षेपार्ह मजकूर छापल्यास ही रक्कम जप्त होई. त्यानंतर नवा जामीन 1,000 ते 10,000 रुपयांचा, आणि तोही गमावल्यास छापखानाच सरकारजमा. मतासाठी लेखकाइतकीच मुद्रकाचीही झीज व्हावी, अशी ही क्रूर रचना होती. कायदा 1922 मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांनी मुंबईत ‘सोशलिस्ट’ साप्ताहिक काढले. कम्युनिस्टांवरील 1924 च्या कानपूर कट खटल्यात ते तुरुंगात गेले आणि 1957 मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून आले.

डॉ. आंबेडकरांची ‘मूकनायक’ (1920) व ‘बहिष्कृत भारत’ (1927) ही पत्रे आणि 1936 चा स्वतंत्र मजूर पक्ष याच परंपरेत बसतात. आचार्य अत्रे यांनी 15 नोव्हेंबर 1956 रोजी दैनिक ‘मराठा’ सुरू करून संयुक्त महाराष्ट्राची बाजू मांडली आणि 1957 मध्ये ते दादरमधून विधानसभेत गेले.

आणीबाणीत क्रम उलटा झाला. मुंबईचे माजी महापौर व ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षाचे नेते मिनू मसानी आता ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाचे संपादक म्हणून लढले. सेन्सॉरने अनेक मजकूर अडवल्यावर त्यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. न्या. मदन व न्या. कानिया यांच्या खंडपीठाने 10 फेब्रुवारी 1976 रोजी निकाल मसानींच्या बाजूने दिला: सर्व पत्रांना एकाच सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे. त्या काळात असा निकाल देण्याला मोठे धैर्य लागे, हे नोंदवलेच पाहिजे. मात्र त्याच महिन्यात आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकाशनास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने संमत केला; तो 1977 मध्ये जनता सरकारने रद्द केला.