रोहिणी खाडिलकर ‘पहिल्या महिला ग्रँडमास्टर’ नव्हेत

मुंबईच्या बुद्धिबळपटू रोहिणी खाडिलकर भारताच्या पहिल्या महिला ग्रँडमास्टर ठरल्या, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. १९८१ साली त्यांना मिळाला तो महिला ग्रँडमास्टरच्या खालोखालचा महिला इंटरनॅशनल मास्टर हा किताब, आणि तोही भारतात सर्वप्रथम त्यांच्या भगिनी जयश्री यांनी १९७९ मध्ये पटकावला होता. महिला ग्रँडमास्टरपद भारतात सर्वप्रथम २००१ मध्ये एस. विजयालक्ष्मी यांनी आणले.

रोहिणीताईंना उसन्या किताबाची मुळीच गरज नाही. १९७६ साली, अवघ्या तेरा वर्षांच्या असताना, त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, त्यावरून वादंग माजले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला.