पळसफुलांची हस्तकला (मुलांसाठी)

पळसफुलांची हस्तकला : वसंतात फुलणाऱ्या पळसाच्या (ब्युटिया मोनोस्पर्मा) फुलांपासून रंग काढणे, त्याने कागद व कापड रंगवणे, पाकळ्या दाबून किंवा ठोकून नक्षी उमटवणे आणि कागदी पळस करणे, असे मुलांचे उपक्रम. नागपूर परिसरात पळस साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बहरतो आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत झाडाखालचा सडा संपतो. विदर्भात रंग खेळतात तो धुळवडीला, आणि त्या सुमारास फुले ऐन भरात असतात. शाळांच्या परीक्षा मात्र नेमक्या तेव्हाच येतात. म्हणून फुले मार्चमध्ये वेचून सावलीत सुकवायची आणि काम उन्हाळी सुटीत करायचे, हाच सोयीचा क्रम. फुले झाडावरून ओरबाडू नयेत. सकाळी लवकर गेल्यास झाडाखाली पडलेली ताजी फुले भरपूर मिळतात. दुपारच्या उन्हात तीच करपतात.

रंग काढणे. एक लिटर पाण्याला 250 ग्रॅम ताजी किंवा 50 ग्रॅम सुकी फुले पुरतात. आधी प्रत्येक फुलाचा देठाकडचा काळपट, मखमली भाग खुडून टाकावा. मुलांना हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते टाळले तर रंगात तपकिरी छटा उतरते. पाकळ्या रात्रभर भिजवून सकाळी मंद आंचेवर 15 ते 20 मिनिटे उकळाव्यात आणि सुती फडक्याने गाळून घ्याव्यात. भांडे स्टीलचे असावे. लोखंडी कढईत रंग मळकट, काळपट होतो. उकळणे आणि गाळणे मोठ्यांनीच करावे. नागपूरच्या उन्हाळ्यात हे पाणी बाहेर ठेवले तर दुसऱ्या दिवशीच आंबूस वास येतो. फ्रिजमध्ये ते चार-पाच दिवस टिकते.

रंगातले ब्युटेइन हे द्रव्य आम्लात फिकट पिवळे आणि अल्कलीत गडद नारिंगी दिसते. मुलांना हे दाखवायला तीन वाट्या पुरतात. एकीत नुसता रंग ठेवावा, दुसरीत लिंबाचे चार थेंब पिळावेत, तिसरीत चिमूटभर खायचा सोडा टाकावा. चुन्याने रंग आणखी लालसर होतो, पण चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. लहान मुलांच्या हाती तो देऊ नये. याच गुणावर ‘जादूचे पत्र’ जमते. ड्रॉइंग पेपरवर पळसरंगाचा हात फिरवून तो पूर्ण वाळवायचा आणि मग कापसाच्या काडीने सोड्याच्या पाण्यात लिहायचे. पिवळ्यावर नारिंगी अक्षरे उठतात. झेरॉक्सच्या कागदावर हा प्रयोग फिका पडतो, कारण अशा बऱ्याच कागदांत खडूची भरण असते आणि रंग लिहिण्याआधीच नारिंगीकडे झुकलेला असतो. बोअरचे जड पाणी वापरले तरी असेच होते.

चित्रे काढायची तर गाळलेला रंग आटवून पाव हिश्शावर आणावा. दोन मोठे चमचे रंगात एक लहान चमचा डिंकाची पूड विरघळवावी. डिंकाशिवाय रंग कागदात फुटतो आणि फुलाची कड सुबक येत नाही.

कापड. सुती हातरुमालापासून सुरुवात करणे बरे. नव्या कापडाची खळ गरम पाण्यात साबणाने धुऊन काढावी. खळ राहिली की रंगाचे पट्टे पडतात. 100 ग्रॅम कापडाला 15 ग्रॅम हिरड्याची पूड घ्यावी. ती गरम पाण्यात कालवून कापड तासभर त्यात बुडवावे व पिळून घ्यावे. मग 15 ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात पुन्हा तासभर ठेवावे. सुताला तुरटी एकटी नीट धरत नाही, म्हणून आधी हिरडा. त्यानंतर कापड रंगात 30 ते 40 मिनिटे मंद उकळावे, ढवळत राहावे आणि सावलीत वाळवावे. सारे नीट केले तरी हा रंग उन्हात विटतो. तो कायम टिकेल असे मुलांना सांगू नये.

ठोकून ठसे. तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कापडावर ताज्या पाकळ्या पसरतात, वर कागद ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोकतात. पाटाखाली जुनी सतरंजी घातली तर आवाज कमी होतो. पळसाची चोचीसारखी पाकळी आधी उभी चिरून उघडावी, नाहीतर तिच्यातले पाणी एकदम सुटून डाग पसरतो. काटेसावरीच्या पाकळ्या फार मांसल असतात. त्या ठोकायला नकोत आणि दाबायलाही नकोत. रंगात बुडवून कागदावर ठसे घ्यायला त्या उत्तम.

दाबून सुकवणे. पळसाचे अख्खे फूल दाबले की मध्ये ओल अडकून ते तपकिरी पडते. पाकळ्या सुट्या करून वर्तमानपत्राच्या घडीत ठेवाव्यात, वर जड पुस्तके रचावीत, पहिल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ कागद बदलावा. मार्चच्या कोरड्या हवेत आठवडाभरात काम होते. बोगनवेल मुळातच कागदासारखी असल्याने दोन-तीन दिवसांत तयार होते. फार वाळलेल्या पाकळ्या हात लागताच मोडतात, म्हणून त्या चिमट्याने उचलून पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर ठेवाव्यात. कण्हेर, धोत्रा आणि रुई या उपक्रमांतून वगळावीत: पहिली दोन विषारी आहेत, रुईचा चीक डोळ्यांना घातक.

कागदी पळस. पळसफुलाची ओळख त्याच्या चोचीत आहे; ‘किंशुक’ हे संस्कृत नाव पोपटाशी जोडले जाते ते त्यामुळेच. पाच सारख्या गोल पाकळ्या केल्या की जास्वंद होते, पळस होत नाही. नारिंगी क्रेप कागदाची एक रुंद पाकळी (6 × 4 सेंमी), दोन अरुंद बाजूपाकळ्या (5 × 2 सेंमी) आणि चोचीसाठी दुमडून चंद्रकोरीसारखा कापलेला एक तुकडा (6 × 3 सेंमी) घ्यावा. क्रेपच्या सुरकुत्या पाकळीच्या लांबीत याव्यात. आडव्या आल्या तर पाकळी बाकदार होण्याऐवजी लांबते. तळाशी गडद तपकिरी कागदाची छोटी वाटी गुंडाळून फुले वाळक्या डहाळीवर झुबक्याने लावावीत. फुलताना पळस जवळजवळ निष्पर्ण असतो, त्यामुळे हिरवी पाने चिकटवण्याचा मोह आवरावा. मुले ऐकतच नसतील, तर पाने तीन-तीनच लावू द्यावीत.