सर्व्हिस चार्जची वाटणी ते रिव्ह्यूतलं नाव

गोव्यातल्या अनेक हॉटेलांत आता सीझनबरोबर इन्सेंटिव्हचा तक्ताही लागतो. ऑनलाइन रिव्ह्यूत कोणाचं नाव किती वेळा आलं, कोणी पाहुण्याला महागडी खोली घ्यायला लावली, त्यावर महिन्याचा मानकरी ठरतो. सहकारी प्रतिस्पर्धी होतो तो इथेच.

१९६५ च्या बोनस कायद्यात अशी चढाओढ नव्हती. किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के बोनस, तोही पात्र असलेल्या सगळ्यांना. शर्यतीचा विचार अमेरिकेतून आला. दोन अर्थतज्ज्ञांनी १९८१ मध्ये मांडलं की, कोण किती पुढे हे न मोजता फक्त कोण पुढे एवढं पाहून बक्षीस दिलं तरी माणसं झटून काम करतात. त्यांच्यापैकी एकाने १९८९ मध्ये दुसरी बाजूही दाखवली: क्रमावर पैसे मिळत असतील तर शेजाऱ्याला मागे खेचणंही फायद्याचं ठरतं, आणि बक्षिसातली तफावत वाढेल तसा हा मोह वाढतो. व्यवस्थापनांनी पहिला भाग उचलला, दुसरा बाजूला ठेवला. तिथल्या एका बड्या कंपनीने माणसांची २०-७०-१० (वरचे २०, मधले ७० आणि तळाचे १० टक्के) अशी प्रतवारी करून तळाच्यांना घरी पाठवायला सुरुवात केली. तशीच प्रतवारी करणाऱ्या एका सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये ती सोडली, तोवर ती जगभर पसरली होती.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना पाकिटांवर पत्ते लिहायला बसवलं होतं. बक्षीस एकालाच आणि मोजणी एकमेकांकडे, असं ठरताच इतरांचं काम कमी दाखवलं जाऊ लागलं. आपलंही काम कमी दाखवलं जाणार या धास्तीने मेहनतच घटली.

हॉटेलात हे शिफ्ट बदलताना दिसतं. पाहुण्याला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, उद्या त्यांच्या लग्नाचा वाढदिवस आहे, हे लॉगबुकात लिहायचं की स्वतःजवळ ठेवून उद्या केक घेऊन आपणच जायचं? रिव्ह्यूत एकच नाव येणार असेल तर लॉगबुक कोरं राहतं. पेडण्यातला किंवा बांद्याहून रोज येणारा कंत्राटी मुलगा पुढच्या सीझनला पुन्हा घेतील ना या काळजीत असतो. दोष त्याला देता येणार नाही.

याच्या उलट पद्धत होती सर्व्हिस चार्जची. बिलावर ठरावीक टक्के लावायचे, रक्कम एकत्र करायची आणि हुद्द्याच्या पॉइंटप्रमाणे वाटायची. टेबलाशी उभा असणारा कॅप्टन आणि आत भांडी घासणारा, दोघंही वाटेकरी. हा चार्ज ऐच्छिक असल्याचं केंद्राने एप्रिल २०१७ मध्ये सांगितलं. ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तो बिलात आपोआप लावायला मनाई केली. त्याच महिन्यात न्यायालयाची स्थगिती आली आणि मार्च २०२५ मध्ये तत्त्वं वैध ठरली. हॉटेलमालकांच्या संघटना अपिलात गेल्या.

ग्राहकांची तक्रार खरी होती. न विचारता पैसे घेतले जात आणि ते कामगारापर्यंत पोचतात की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. पण सगळा वाद ग्राहक आणि मालक यांच्यातच फिरत राहिला. वाटणी बंद झाली तर स्वयंपाकघरातल्या माणसाचं काय, हा युक्तिवाद मालकांच्या तोंडून आला, म्हणून त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. मला तो मुद्दा वादातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऐच्छिक टिप समोर दिसणाऱ्याच्या हातात पडते. टिप-बॉक्स ठेवून महिनाअखेर सगळ्यांत वाटणारी हॉटेलं आहेत, पण ते व्यवस्थापनाच्या मर्जीवर चालतं. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून टिप पूर्णपणे कामगारांना देणं आणि तिची न्याय्य वाटणी करणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे चर्चा अजून ग्राहकाच्या बिलाशीच थांबलेली आहे.