निसर्गाची माहिती देणं आणि निसर्ग उलगडून दाखवणं: सारखंच वाटतं, पण सारखं नाही

ऑक्टोबर उजाडला की वन्यजीव सप्ताह येतो आणि आपल्या कोल्हापुरात शाळाशाळांतून, कॉलेजातून, मंडळांतून स्लाइड शो आणि नेचर ट्रेल सुरू होतात, नवीन पोरंपोरी बोलायला उभी राहतात, हे बघून खरंच बरं वाटतं. त्यातल्या बऱ्याच जणांची शंका एकच असते, माझी माहिती तर सगळी बरोबर होती, मग लोक मोबाईल का बघत बसले? तर भावांनो, माहितीपर व्याख्यान आणि इंटरप्रिटेशन, म्हणजे निसर्ग उलगडून दाखवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हीत एक माणूस बोलतो, दोन्हीत फोटो असतात, दोन्हीत माहिती खरीच लागते, म्हणून गल्लत होते.

गव्याचंच घ्या. माहिती द्यायची तर मी सांगणार की गव्याचं शास्त्रीय नाव बॉस गॉरस, मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, खांद्यापाशी उंची सहा फुटांच्या आसपास, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, राधानगरी अभयारण्य साधारण 351 चौरस किलोमीटरचं आणि 2012 साली पश्चिम घाटाच्या ज्या 39 जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यातली ती एक. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. समोर एमपीएससीतून वनसेवेत जायची तयारी करणारी पोरं असतील तर हेच सांगा, नीट क्रमाने सांगा, ती लिहून घेतील आणि तुमचे आभार मानतील. माहितीपर व्याख्यान हलकं अजिबात नाही, ज्याला माहिती हवीय त्याच्यासाठी ते एकदम योग्य आहे.

इंटरप्रिटेशनमध्ये सुरुवात विषयापासून होत नाही, समोर कोण बसलंय तिथून होते. फ्रीमन टिल्डन या अमेरिकन लेखकाने 1957 साली यावर जे लिहिलं त्याचा गाभा असा, की नुसती माहिती म्हणजे इंटरप्रिटेशन नाही, पण माहितीशिवाय इंटरप्रिटेशन होतच नाही. हा दुसरा अर्धा भाग लोक सोडून देतात आणि मग गोष्टी, कविता, टाळ्या, सगळं होतं पण घरी न्यायला काही उरत नाही.

आता फरक पकडायचा कसा, तर माझ्या मते सगळ्यात सोपी खूण म्हणजे विषय आणि थीम. "गवा" हा विषय झाला. "रंकाळ्यातलं केंदाळ", म्हणजे आपल्या रंकाळा तलावावर पसरणारी जलपर्णी, हा पण विषयच. थीम म्हणजे पूर्ण वाक्य, ज्याला क्रियापद आहे आणि जे ऐकणाऱ्याला काहीतरी सांगतं, उदाहरणार्थ "रंकाळ्यातलं केंदाळ आपण सोडलेल्या सांडपाण्यावर पोसतं". हे वाक्य आधी कागदावर लिहिलं की कुठला फोटो ठेवायचा, कुठला काढायचा ते आपोआप ठरतं, केंदाळ दक्षिण अमेरिकेतून आलं ही गोष्ट एका ओळीत उरकते आणि नाल्याच्या तोंडाचा फोटो मात्र मोठा करून दाखवावा लागतो. रंकाळ्यावर रोज सकाळी फिरायला येणाऱ्या काका-काकूंना हे सांगून बघा, त्यातले निम्मे स्वतःच सांगायला लागतात की अमुक ठिकाणी पाणी मिसळतंय, चला दाखवतो.

श्रोते बदलले की काय बदलायचं, यावर सगळ्यात जास्त गोंधळ आहे. बहुतेक जण माहितीचं प्रमाण बदलतात, म्हणजे मोठ्यांना चाळीस स्लाइड आणि मुलांना त्यातल्याच पंधरा. टिल्डनचं मुलांबद्दलचं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे, मोठ्यांच्या भाषणात पाणी घालून मुलांचं भाषण होत नाही, त्याची मांडणीच मुळापासून वेगळी लागते, आणि मला हे शंभर टक्के पटतं. सातवीच्या वर्गात मी गव्याचा आणि म्हशीचा मोठा फोटो शेजारी शेजारी लावतो आणि विचारतो, हा कुणाचा भाऊ, गाईचा का म्हशीचा? गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस जवळून बघितलेली पोरं असतात, ती एका सुरात ओरडतात म्हशीचा. मग सांगायचं नाही, बघायला लावायचं. शिंगं कशी वळलीत, पाठीवर तो उंचवटा कुठपर्यंत गेलाय, पायात पांढरे मोजे कुणी घातलेत. दहा मिनिटं वर्गात नुसता कालवा असतो आणि मग त्यांना कळतं की गवा गाईच्या जवळच्या नात्यातला आहे, म्हैस लांबच्या, तेव्हा त्यातलं एक तरी पोरगं विचारतंच, मग सर त्याचं दूध काढता येतं का? या प्रश्नावरून पाळीव आणि जंगली यातला फरक त्यांच्याच तोंडून काढून घेता येतो. इथे हजार किलोचा आकडा पण येतो, पण तो "तुमच्या वर्गातली किती मुलं मिळून एक गवा" असा येतो आणि फळ्यावर गणित पोरंच सोडवतात.

शाळेतली मुलं आणि ट्रेलवर आलेले लोक यात अजून एक मोठा फरक आहे जो आपण विसरतो. वर्गातला श्रोता उठून जाऊ शकत नाही, पुढे परीक्षा असते, बाई मागे उभ्या असतात. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर सप्टेंबरात फुलं बघायला आलेलं कुटुंब कधीही उठून जाऊ शकतं, त्यांना तुमचं ऐकायचं काही कारण नाही. तिथे पहिल्या दोन वाक्यांतच त्यांना थांबावंसं वाटलं पाहिजे. मी अशा सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, "या जांभ्यावरच्या मातीत खायला इतकं कमी आहे की इथली काही झाडं शिकार करतात" एवढं म्हणतो आणि खाली बसतो. लोक पण बसतात. मग दवबिंदू नावाच्या किडे खाणाऱ्या झाडाच्या पानावर चिकटलेला किडा दाखवायचा, शेजारची सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं दाखवायची, जी इतकी नाजूक दिसतात पण त्यांच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यात पाण्यातला सूक्ष्म जीव एका क्षणाच्याही छोट्या भागात ओढला जातो. नत्र मातीत पुरेसं नाही म्हणून किड्यातून घ्यायचं, बास, एवढी एकच गोष्ट. तिथल्या पंचवीस फुलांची नावं सांगायचा मोह होतो, मला कळतं, नावं पाठ करायला कष्ट घेतलेले असतात, पण ज्याला हवीत तो विचारतो. आणि एक बारीक पण कामाची गोष्ट, उन्हाकडे तोंड करून आपण उभं राहायचं, लोकांच्या डोळ्यात ऊन जाऊ द्यायचं नाही, आणि शेवटचा माणूस येऊन पोचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

शहरातल्या मोठ्यांसाठी गव्याची थीम परत वेगळी. गवा शहराच्या कडेला आला की बघायला झुंबड उडते, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. तिथे माझं वाक्य असतं, "गवा परत जायची वाट शोधत असतो आणि ती वाट आपली गर्दी अडवते." मुळात बुजरा प्राणी, पण चहूबाजूंनी कोंडला की अंगावर येतो. हे कळलेला माणूस पुढच्या वेळी गाडी वळवून घरी जाईल अशी आशा ठेवायला जागा आहे.

सगळ्यात अवघड श्रोते म्हणजे राधानगरी अभयारण्यालगत, दाजीपूरच्या बाजूच्या गावातले शेतकरी, आणि माझ्या मते ज्याला इंटरप्रिटेशन शिकायचंय त्याने तिथे लवकर जावं. रातोरात ज्याचा ऊस नाहीतर भात गव्यांनी खाल्लाय त्याच्यासमोर "गवा आपल्या जंगलाची शान" अशी पहिली स्लाइड लावली तर पुढचं कुणी ऐकणार नाही आणि त्यांचं बरोबर असतं. तिथे प्रोजेक्टर नकोच. चावडीत बसायचं आणि विचारायचं, दादा, कळप कुठल्या बाजूनं येतोय, किती वाजता, पिल्लं असत्यात का संगं? त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं, एखादे आजोबा तर खुरावरून नर का मादी ते सांगतात, आणि तुमचं काम ते सगळं जुळवून समोर मांडणं एवढंच राहतं. म्हणजे, उभ्या उसात रात्री बॅटरी घेऊन एकट्यानं शिरायचं नाही, कळपाला मधोमध तोडायचं नाही, ज्या बाजूला जंगल ती बाजू मोकळी ठेवायची. आणि जाताना त्या भागातल्या वनरक्षकांना सोबत न्या, कारण पंचनामा कसा होतो आणि भरपाईच्या अर्जाला कुठले कागद लागतात हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणारच, त्याचं उत्तर तिथल्या तिथे मिळालं तरच पुढचं बोलणं होतं.