मधल्या बांध्याचं रिव्हॉल्वर हातात इतकं चपखल का बसतं

माझे मामा मुंबई पोलिसात होते, नायगावला क्वार्टर होतं त्यांचं, आणि रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी सर्व्हिसच्या .३८ (म्हणजे काडतुसाचं माप, इंचात) रिव्हॉल्वरचा विषय निघाला की त्यांचा उजवा हात आपोआप मूठ धरल्यासारखा वळतो. "नंतर पिस्तुलं आली, चांगली होती, पण हे हातात बसायचं रे," एवढंच म्हणतात. हे बसणं म्हणजे नक्की काय ते शोधत मी पार १८५१ पर्यंत मागे गेलो.

त्या साली कोल्ट या अमेरिकन कंपनीचं नेव्ही हे रिव्हॉल्वर आलं आणि तिच्याच १८७३ च्या सिंगल अ‍ॅक्शन आर्मी मॉडेलला जवळपास तीच मूठ दिली गेली. नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली, अमेरिकन लोकही तिला नांगराचीच मूठ म्हणतात. गोळी सुटली की नळी वर उचलली जायची आणि मूठ तळहातात जराशी फिरायची, म्हणजे घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा हॅमर) बरोबर अंगठ्याखाली यायचा. प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्यानेच ओढायचा असल्यामुळे हे फिरणं सोयीचंच होतं.

डबल अ‍ॅक्शन आलं आणि हे गणित उलटं झालं. आता चाप ओढला की घोडाही तोच मागे नेणार, सिलिंडरही तोच फिरवणार आणि गोळीही तोच सोडणार, सगळं एका बोटाच्या जोरावर, त्यात मूठ हातात सरकली तर पुढच्या गोळीला बोट चापावर वेगळ्याच जागी पडतं. म्हणून मुठीच्या मागे वरच्या बाजूला उंचवटा आला, अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी त्याखाली अडकते आणि हात जागचा हलत नाही.

काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तलवारींच्या मुठी बघताना लोक हमखास म्हणतात, केवढे छोटे हात असतील पूर्वीच्या माणसांचे! पण मला वाटतं छोटेपणा हाताचा नाही, पकडीचा आहे. परज (मुठीपुढचा आडवा भाग) आणि खालची गोल चकती यांच्यात पंजा घट्ट बसावा म्हणून ती तशी आहे, विचार तोच, हत्यार वेगळं.

१८९९ मध्ये स्मिथ अँड वेसनने मिलिटरी अँड पोलिस मॉडेल काढलं, त्याच्या सांगाड्याला पुढे के फ्रेम म्हणू लागले. मिडियम फ्रेम, म्हणजे मधला बांधा, तो मुख्यतः हाच. आता गंमत अशी की ही साइज मुळात काडतुसाने ठरवली, .३८ ची सहा काडतुसं गोल मांडली की सिलिंडर साधारण ३७ मिलिमीटरचा होतो आणि त्याच्याभोवती फ्रेम. त्याआधी १८९६ ला .३२ साठी छोटी फ्रेम होती आणि १९०८ ला .४४ साठी मोठी आली. मोठीत चाप लांब पडतो, बोट लहान असेल तर मनगट वाकवावं लागतं, छोटीत करंगळीला जागाच उरत नाही. मधलीत बोटाचं पेर चापावर नीट येतं आणि नळी हाताच्या रेषेतच राहते.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे, रिव्हॉल्वरची मूठ जवळपास रिकामी असते! पिस्तुलात मॅगझिन मुठीतच जातं, म्हणजे ती किमान किती जाड हे गोळ्या ठरवतात. रिव्हॉल्वरच्या गोळ्या सिलिंडरमध्ये, मुठीत फक्त घोड्याची स्प्रिंग, त्यामुळे वरचं लाकूड हाताला हवं तसं तासा. आणि लोकांनी तासलंही. चापाच्या कड्यामागे पोकळी राहायची, मधल्या बोटाचं हाड तिथे आपटायचं, म्हणून ती भरणारे धातूचे तुकडे निघाले, १९३० च्या दशकात वरपर्यंत चढणाऱ्या मॅग्ना ग्रिप आल्या, नंतर रबर. १९५५ ला याच फ्रेमवर .३५७ मॅग्नम हे जास्त जोरदार काडतूस बसवलं, धक्का खूप वाढला तरी मूठ तीच.

आपल्याकडची वाट ब्रिटिशांकडून येते. १९१५ चं वेबली मार्क सिक्स .४५५ चं, वजन किलोच्या वर. पहिल्या महायुद्धानंतर त्यांना वाटलं की कमी ट्रेनिंगच्या माणसाला हलकं .३८ जास्त झेपेल, त्यातून १९३२ ला एनफिल्ड नंबर टू आलं, सोबत वेबली मार्क फोर. कानपूरला बनणारं .३२ याच वेबलीच्या घडणीवर आहे, .३२ अशासाठी की .३८ आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, साध्या लायसनवर मिळत नाही. २०१४ ला कानपूरचंच निर्भीक आलं, खास बायकांसाठी म्हणून, तेव्हा त्याच्या ५०० ग्रॅम वजनाची भरपूर चर्चा झाली. मामांनी ती बातमी वाचून पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा नव्हता, चापापर्यंत बोट किती लांबवावं लागतं आणि चाप किती जड आहे, हा होता.